दिल्लीचे चार दिवस आणि बावीस ठिकाणांची यादी

खारघरहून आपण विचारले आहे की, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांसाठी दिल्लीला जायचे आहे, बरोबर एकाहत्तर वर्षांचे वडील, गुडघेदुखी असलेली आई, सहावीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा आहे, आणि आग्रा-मथुरेसह बावीस ठिकाणांची यादी तयार आहे. तर हे सारे कोणत्या क्रमाने बसवावे? गेली चोवीस वर्षे मी ठाण्याहून लहान कौटुंबिक गट दिल्लीला नेत आलो आहे आणि अशी यादी घेऊन येणारे कुटुंब मला दर वर्षी भेटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या यादीत चूक काही नाही. त्यातले प्रत्येक ठिकाण पाहण्यासारखे आहे. परंतु ती यादी नावांच्या प्रसिद्धीवरून झाली आहे. कोणते ठिकाण कोणत्या भागात आहे, कोणत्या वारी बंद असते आणि तिथे किती पायऱ्या चढाव्या लागतात, या गोष्टी तिच्यात कुठेच नाहीत. लाल किल्ला आणि कुतुबमिनार तिच्यात एकाखाली एक लिहिले आहेत, पण त्या दोहोंत साधारण ठाण्याहून वाशीला जाण्याइतके अंतर आहे आणि मधली वाहतूकही आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या संध्याकाळची आठवण करून देणारी आहे. म्हणून बावीस ठिकाणे कशी बसवावी, हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. सत्तरीच्या दोन माणसांना आणि दोन लहान मुलांना बरोबर घेऊन, दमछाक न होता, या शहराचा नीट परिचय कसा होईल, हा आपला खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नक्की देता येते.

पहिला मुद्दा आपल्याला आवडणार नाही, तरीही तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शक्य असेल तर दिवाळीत दिल्लीला जाऊ नये. आपल्याकडच्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या तीन, आणि त्या तिन्ही दिल्लीच्या हवामानाशी नेमक्या उलट्या पडतात. मे महिन्यात तापमान चाळीस अंशांच्या वर असते आणि दुपारी लू, म्हणजे कोरडा उष्ण वारा, वाहते. नाताळच्या सुमारास धुके पडू लागते आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, विमानेही रखडतात. दिवाळीच्या आसपास हवा थंड व स्थिर होते, शेजारच्या राज्यांतील भाताच्या शेतांत खुंट जाळले जातात, शहराचा स्वतःचा धूर व धूळ असतेच, त्यात फटाक्यांची भर पडते, आणि हे सारे जमिनीलगत अडकून राहते.

काही वर्षांपूर्वी मी एक गट भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो होतो. सकाळी नऊ वाजता आम्ही कर्तव्यपथावर उभे होतो आणि समोरचे इंडिया गेट, जे जवळजवळ ४२ मीटर उंच आहे, ते पुसट रेघांसारखे दिसत होते. गटातील एका आजोबांना दम्याचा त्रास होता. ते काही बोलले नाहीत, फक्त दर वीस-पंचवीस पावलांवर थांबून छातीवर हात ठेवत होते. पुढचे तीन दिवस ते निवासाच्या खोलीतच राहिले आणि त्यांच्या पत्नीही त्यांच्याजवळ राहिल्या. इतक्या लांब येऊन त्या दोघांनी दिल्ली पाहिली ती खिडकीतून. त्यानंतर मी नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठांना दिल्लीला नेणे थांबवले. आपल्या वडिलांना श्वसनाचा त्रास आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. नसला तरी एकाहत्तराव्या वर्षी ही परीक्षा कशासाठी घ्यावी?

त्याऐवजी मी फेब्रुवारी सुचवीन. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते, तिला लागून शनिवार-रविवार येत असतील तर मुलांच्या शाळेचे दोन-तीन दिवसच बुडतात, आणि वार्षिक परीक्षाही अजून दूर असते. त्या दिवसांत दिल्लीत कोवळे ऊन असते, फुले बहरलेली असतात आणि राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान याच सुमारास लोकांसाठी उघडते. रजा दिवाळीतच मिळणार असेल, तर ऐन दिवाळीतले किंवा दिवाळीनंतरचे दिवस टाळून सहल सुट्टीच्या अगदी सुरुवातीला घ्यावी, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज पाहावा आणि आकडा फार वाईट असेल तर तिकिटे रद्द करण्याची मनाची तयारी ठेवावी.

आता वारांविषयी. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, पंतप्रधान संग्रहालय, रेल्वे संग्रहालय ही सारी सोमवारी बंद असतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा मात्र रोज उघडे असतात. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मी तेवीस माणसांना घेऊन सोमवारी सकाळी लाल किल्ल्याच्या बंद दरवाजासमोर पोहोचलो होतो आणि त्या लोकांच्या चेहऱ्यांवरची निराशा मला आजही आठवते. तेव्हापासून कोणताही आराखडा करताना मी आधी सोमवार कुठे येतो ते पाहतो आणि त्या चौकटीत कुतुबमिनार किंवा हुमायूनचा मकबरा लिहून टाकतो. उरलेला आराखडा त्याच्याभोवती आपोआप उभा राहतो. याशिवाय १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी बंदोबस्तामुळे लाल किल्ला आणि कर्तव्यपथाच्या भागात फिरण्यावर बरीच बंधने येतात, तेही ध्यानात ठेवावे.

यानंतर प्रश्न येतो तो भागांचा. दिल्ली हे एकाच जागी वाढत गेलेले शहर नाही. राज्य बदलले की नवा राजा जुन्या वस्तीपासून काही कोसांवर नवी राजधानी वसवत असे. मेहरौलीजवळचा लालकोट, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, पुराना किल्ल्याचा परिसर, शाहजहानाबाद, आणि शेवटी इंग्रजांची नवी दिल्ली. म्हणून मी प्रत्येक दिवस एका राजधानीला देतो. असे केले की प्रवास कमी होतो, आणि मुलांच्या डोक्यात कालक्रमही राहतो, कारण एका दिवसात त्यांना एकाच काळाची माणसे भेटतात. सकाळी कुतुबुद्दीन, दुपारी शाहजहान आणि संध्याकाळी इंदिरा गांधी असा दिवस काढलेल्या मुलांना रात्री विचारले, तर त्यांना फक्त आइस्क्रीम आठवते.

शाहजहानाबादच्या दिवसाविषयी जरा जास्त लिहितो, कारण मराठी माणसाला तिथे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे आणि नेमके तेच बहुतेक मार्गदर्शक सांगत नाहीत. लाल किल्ल्याची पायाभरणी १६३९ मध्ये झाली आणि १६४८ मध्ये तो पूर्ण झाला. लाहोरी दरवाजातून आत गेले की छत्ता चौक नावाचा छत असलेला बाजार लागतो, मग नौबतखाना, मग दिवाण-ए-आम, म्हणजे सर्वांसाठीचा दरबार, आणि त्यामागे यमुनेच्या बाजूला दिवाण-ए-खास, म्हणजे निवडक लोकांचा दरबार. आपल्याला मधली मोकळी मैदाने दिसतात, ती मुळात मोकळी नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बऱ्याच इमारती पाडल्या आणि तिथे बराकी बांधल्या. हे आधी सांगितले नाही तर मुले विचारतात की एवढ्या मोठ्या किल्ल्यात राहायला घरे एवढीच का.

दिवाण-ए-खासजवळ मी गटाला नेहमी थांबवतो. संगमरवरी खांबांवर फुलांची जडावाची नक्षी आहे, आणि काही फुलांच्या जागी दगड निघून गेल्यामुळे नुसत्या खाचा राहिल्या आहेत. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले. वरच्या छताला चांदीचा पत्रा होता, तो १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून त्याची नाणी पाडली, कारण पानिपताकडे निघालेल्या फौजेला पैसा हवा होता. आज दिसते ते छत नंतरचे आहे. पुढे १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली हाती घेतली, शाह आलम बादशहाला राजधानीत परत आणण्याचा मार्ग मोकळा केला, आणि १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने याच किल्ल्यात बादशहाचे डोळे काढले तेव्हा मराठी फौजांनीच दिल्ली सोडवून गुलाम कादिराला पकडले. १८०३ मध्ये लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या छताखाली उभे राहून हा सारा इतिहास ऐकताना आजोबा आणि नात दोघेही एकाच वेळी मान वर करून पाहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेवढ्यासाठी लाल किल्ल्याला सकाळचे पूर्ण तीन तास द्यावेत.

चालणे मात्र इथे बरेच आहे. किल्ल्याच्या दरवाजाशी चाकाची खुर्ची मिळते का, याची चौकशी तिकीट काढतानाच करावी आणि आईंना संकोच वाटला तरी ती घ्यावी. लाल किल्ला आणि जामा मशीद ही मेट्रोची स्थानके २०१७ पासून सुरू आहेत, त्यामुळे गर्दीतून गाडी काढण्याचा त्रास उरलेला नाही. चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे. तिथे सायकल रिक्षा करावी. शीशगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांचे बलिदान झाले, तो याच रस्त्यावर आहे आणि तिथे आईवडिलांना शांतपणे बसताही येते. जामा मशिदीच्या पायऱ्या पुष्कळ आणि उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर ती खालूनच पाहावी. दुपारी दोननंतर या भागात थांबू नये, निवासावर परतून सर्वांनी झोप काढावी.

मेहरौलीचा दिवस त्या मानाने सोपा आहे. कुतुबमिनाराचे आवार बरेचसे सपाट आहे, मिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे आणि १९८१ मधील चेंगराचेंगरीनंतर आतून वर चढू देत नाहीत, म्हणून चढण्याचा प्रश्नच येत नाही. मुलांना मिनारापेक्षा तिथला लोखंडी स्तंभ दाखवावा. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, सात मीटरांहून थोडा उंच, आणि उघड्यावर उभा असूनही गंज न खाल्लेला. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण जास्त असल्याने त्यावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे, असे धातुतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. खारघर-बेलापूरला पावसाळ्यात बाल्कनीची जाळी दोन वर्षांत गंजते, ती आठवण करून दिली की सहावीतल्या मुलीला त्या स्तंभाचे नवल नीट कळते. कुतुबमिनार नावाचे मेट्रो स्थानक स्मारकापासून बरेच दूर आहे, तिथून रिक्षा करावी लागते. परतताना त्याच पिवळ्या मार्गावर आयएनए स्थानकाला उतरून दिल्ली हाटमध्ये जेवावे. तिथे निरनिराळ्या राज्यांचे पदार्थ मिळतात आणि बसायला जागाही असते.

हुमायूनचा मकबरा मी पहिल्या दिवशी ठेवतो. रात्रभराच्या प्रवासानंतर अंग आंबलेले असते, त्या वेळी गर्दीपेक्षा बाग बरी. चबुतऱ्यावर जाण्याचा जिना खडा आहे, आईंनी तो चढू नये. खाली चारबागेच्या कडेला बसून समोरची वास्तू उलट अधिक चांगली दिसते. शेजारी १५४७ मधील ईसा खानाची अष्टकोनी कबर आहे आणि लगतच सुंदर नर्सरी नावाचे मोठे उद्यान आहे, तिथे मुलांना मोकळे सोडता येते. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याच मकबऱ्यात इंग्रजांच्या हाती लागला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी लाल किल्ला पाहताना गोष्टीचा शेवट मुलांना आधीच ठाऊक असतो.

नवी दिल्लीचा दिवस मुख्यतः आधीच्या नोंदणीवर अवलंबून आहे. राष्ट्रपती भवन आणि अमृत उद्यान पाहण्यासाठी संकेतस्थळावर वेळ ठरवून घ्यावी लागते आणि मूळ ओळखपत्रे बरोबर लागतात, मुलांचीसुद्धा. ती वेळ मिळाली की उरलेला दिवस तिच्या मागेपुढे लावावा: सकाळी राष्ट्रीय युद्धस्मारक, दुपारी राष्ट्रीय संग्रहालय, संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वारा. संग्रहालयात सगळी दालने पाहण्याचा अट्टहास करू नये. मोहेंजोदडोची नर्तिका पाहावी. पाठ्यपुस्तकात चित्र पाहून ती मोठी असेल असे वाटते आणि प्रत्यक्षात ती वीतभरही नाही, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. मुले तिच्यासमोर जितका वेळ उभी राहतील तितका वेळ राहू द्यावे. आणखी एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे: आपले गेटवे ऑफ इंडिया ज्या भेटीची आठवण म्हणून बांधले गेले, त्याच १९११ च्या भेटीत पंचम जॉर्जने १२ डिसेंबरला कोलकात्याहून राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. म्हणजे मुलांनी गेटवे पाहिले असेल, तर या गोष्टीचे एक टोक त्यांना आधीच माहीत आहे.

आपल्या वडिलांना इतिहासाची आवड असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून जाता जाता तालकटोऱ्याचाही उल्लेख करतो. १७३७ मध्ये पहिले बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीवर धडकले तेव्हा त्यांच्या फौजेचा तळ या परिसरात होता, आणि याच तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पाहण्यासारखी मोठी वास्तू तिथे नाही, पण बंगला साहिबकडे जाताना गाडी दोन मिनिटे थांबवायला हरकत नाही.

अक्षरधाम आपल्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. ते भव्य आहे यात शंका नाही, परंतु मोबाइल, पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, रांगा मोठ्या असतात आणि आत चालणे बरेच आहे. अर्धा दिवस त्यातच जातो. आईंची मनापासून इच्छा असेल तर पाचवा दिवस काढावा, नाहीतर या खेपेस सोडावे. हा निर्णय घरातल्या श्रद्धेचा आहे, त्यात मी बोलू नये.

आग्र्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. दिल्लीत राहून एका दिवसात आग्रा-मथुरा करून परत येणे, हे आपल्यासारख्या कुटुंबासाठी योग्य नाही. पहाटे निघून रात्री उशिरा परतलेले वडीलधारे दुसऱ्या दिवशी उठू शकत नाहीत आणि मग दिल्लीचाही एक दिवस जातो. आपण मध्य रेल्वेच्या बाजूला राहता, त्याचा इथे उपयोग होतो. मुंबईहून नाशिक रोडमार्गे हजरत निजामुद्दीनला जाणारी राजधानी कल्याणला थांबते आणि पुढे आग्रा कँटलाही थांबते. पंजाब मेल ठाण्याला थांबते आणि तीही आग्र्यावरूनच जाते. तेव्हा जातानाच आग्र्याला उतरावे, एक रात्र तिथे राहावे, सूर्योदयाच्या वेळी ताजमहाल पाहावा आणि दुपारच्या गाडीने दोन-तीन तासांत दिल्लीला पोहोचावे. त्यासाठी सहल एक दिवसाने वाढवावी लागेल आणि आग्र्याची सकाळ शुक्रवारी येणार नाही, हे पाहावे लागेल. मथुरा या वेळी वगळावी.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. सहा जणांची तिकिटे एकत्र हवी असतील आणि आईवडिलांना खालचे बर्थ हवे असतील, तर त्याच दिवशी सकाळी आठ वाजता बसावे, दुपारपर्यंत थांबू नये. विमानाने जायचे झाल्यास नवी मुंबईचे विमानतळ आपल्याला घराजवळ आहे. मात्र पहाटेचे स्वस्त तिकीट घेऊन आजी-आजोबांची रात्र मोडू नये. दिल्लीच्या विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवरून नवी दिल्ली स्थानकापर्यंत थेट मेट्रो आहे.

निवास विमानतळाजवळ स्वस्त मिळतो, पण तिथून रोज दोन-तीन तास येण्याजाण्यात जातात. करोलबाग किंवा कॅनॉट प्लेसच्या आसपास, मेट्रो स्थानकापासून चालत पाच मिनिटांच्या आत, आणि उद्‌वाहक असलेली जागा पाहावी. उद्‌वाहक चालू आहे का, हे फोन करून विचारावे. एकदा एका निवासात जाहिरातीत उद्‌वाहक होता आणि प्रत्यक्षात तो कित्येक महिने बंद होता, तेव्हा एका आजींना तीन मजले रोज दोनदा चढावे लागले. जेवणाची चिंता फार करू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पनीर आणि पराठे नकोसे होतात, तेव्हा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात जावे. पिठले-भाकरी समोर आली की वडीलधाऱ्यांचा शीण निम्मा उतरतो.

थोडक्यात, फेब्रुवारी, आग्र्याची एक रात्र धरून पाच दिवस, दिल्लीत रोज एक राजधानी, दुपारी विश्रांती, आणि सोमवारी कुतुबमिनार. बावीसपैकी दहा-अकरा ठिकाणे अशा आराखड्यात निवांत बसतात. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांत तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेवावा. आपली निघण्याची तारीख, आईंना सलग किती मिनिटे चालता येते आणि वडिलांना श्वसनाचा काही त्रास आहे का, एवढे कळवलेत तर वारांनुसार कोणता दिवस कुठे ठेवावा, हे मी लिहून देईन.